तात्यांचा राहिलेला बार

या, जरा जवळ या. उंबऱ्यात काय बसलाय पाहुण्यासारखे? किती दिवसांनी तोंड दाखवलंत, आणि आलात तेही पेपरात डोकं घालून. ठेवा तो बाजूला. त्यात पहिल्याच पानावर 'गौप्यस्फोट', आत 'संतापाचा स्फोट', आणि खेळाच्या पानावर कुणीतरी चार चौकार मारले तर तोही स्फोटच. तुम्ही शिकलेली माणसं एवढा जड शब्द चुरमुऱ्यासारखा कसा उधळता हो? तुमचं काय जातंय? आमच्या शेजारच्या तात्यांना रोज दुपारी हे वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आहे. मी चौथीतून शाळा सोडली, किराणा मालाच्या पुड्या सोडून सोडून वाचायला शिकले, आणि त्याची शिक्षा आता भोगतेय. खरं सांगते, मी थकले. एक ओळ वाचली की तात्या चार प्रश्न विचारतात.

तात्या कोण ते सांगायचं तर शिंकेपासून सांगावं लागेल.

तात्यांना शिंक यायची झाली की ते आधी खांद्यावरचा लाल पंचा काढून हवेत फिरवतात आणि ओरडतात, "बार हाऽऽय! हटाऽऽ!" ओसरीवरची माणसं बाजूला होतात. कोंबड्यासुद्धा होतात, त्यांनाही सवय झालीय. मग शिंका येतात. तीन. कधी चार नाहीत, कधी दोन नाहीत. तिसरी झाली की तात्या म्हणतात, "झालं. या आता," आणि पंचा परत खांद्यावर.

एकदा दोनच आल्या. मी चहाचा कप घेऊन त्यांच्यापासून दोन पावलांवर होते. तात्यांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, "वैनी, हितनं हलायचं न्हाय. एक राहिली."

"अहो तात्या, चहा गार होतोय."

"होऊ द्या. एक राहिलीय."

मी उभी. चहावर साय धरली. पायाला मुंग्या आल्या. माझी सून परड्यातून येऊन बघून गेली, तिला वाटलं आमचं भांडण झालंय. शेवटी केव्हातरी ती तिसरी आली, तेव्हा मला जायची परवानगी मिळाली.

हसू नका. माणूस वेडा नाही. तात्यांच्या वडलांची मेंढरं होती. संध्याकाळी वाड्यात घेताना एकेक मेंढरू मोजून आत सोडायचं, एक कमी भरलं तर पुन्हा माळावर जायचं, जेवायचं नंतर. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळ गेले, मेंढरं गेली. तात्या विहिरींच्या कामावर लागले. खडक लागला की सुरुंग लावायचा, ते यांचं काम. आम्ही त्याला बार म्हणतो. पिंपळीपासून थेट इंदापूरच्या पलीकडपर्यंत निम्म्या विहिरी तात्यांनी उडवलेल्या आहेत. मोजायची सवय मात्र वडलांचीच राहिली.

त्या कामात मोजणं हेच सगळं असतं म्हणे. खडकात नऊ भोकं भरली, वाती पेटवल्या, वर येऊन लाल फडकं हलवलं, ओरडून माळावरची माणसं लांब केली, की कान देऊन मोजायचं. नऊ आवाज आले पाहिजेत. आठच आले तर त्या दिवशी विहिरीत कुणाचा पाय पडायचा नाही. मालक ओरडू दे, कोण ओरडू दे. दुसऱ्या दिवशी पहिला माणूस उतरणार तो तात्या. एकटा. आणि तो राहिलेला बार उकरायचा नाही, त्याला हातसुद्धा लावायचा नाही. एक हात अंतर सोडून शेजारी नवं भोक घ्यायचं, ते उडवायचं, म्हणजे त्याच्या धक्क्यानं जुनाही जातो.

"वैनी, तीस वरसं झाली. माझ्या हाताखालच्या एकाचं बोटसुदिक गेलं न्हाय," हे तात्या मला आठवड्यातून दोनदा सांगतात. त्यांचा स्वतःचा डावा कान गेला, ते मात्र धरत नाहीत.

आता बोअर मारायच्या गाड्या आल्या. विहीर कोण पाडतंय? तात्या घरी बसले आणि जगातले सगळे स्फोट तपासायला लागले.

आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लोकसंख्येचा स्फोट टाळा.' मी वाचून दाखवायची चूक केली. तात्या सरळ आत नर्सबाईंकडं.

"बाई, कवा हाय त्यो?"

"कोण?"

"भितीवर लिवलाय त्यो."

बाई चांगल्या. म्हणाल्या, "तात्या, तो तर होऊन राहिलाय."

"मग आधी कुणी वरडलं का न्हाय? लोकं बाजूला कशी व्हणार?"

"आम्ही घरोघर फिरून ओरडतोच की. ऐकतंय कोण?"

तात्या बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाईंचा स्फोट खरा हाय. इशारा दिलाय त्यांनी." मला रस्त्यात हसू आवरेना.

एका पुढाऱ्याच्या गौप्यस्फोटाचंही तसंच. "आधी सांगितलं व्हतं का त्यानं?" मी म्हटलं, सांगितलं होतं, दोन करणार म्हणाला होता, एकच केला. तात्यांनी बोट वर केलं. "मग आठ दिस त्या माणसापाशी जाऊ नका म्हणावं." आणि सूनबाईनं नवा कुकर आणला तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका. तिसरी शिट्टी व्हायच्या आत स्टोमधलं रॉकेल संपलं, आणि तात्यांनी आमचं सगळं घर अंगणात काढून बसवलं. भात आत, आम्ही बाहेर.

इतपत ठीक होतं. पण माणसाची सवय एक दिवस भलत्या जागी उभी राहते. तात्यांची राहिली ती त्यांच्या लेकीच्या लग्नात.

कौशी एकुलती एक. तिची आई रखमा माझी जिवाची मैत्रीण. लग्नाच्या आदल्या वर्षी काविळीनं गेली. स्थळ इंदापूरच्या पुढचं, चांगलं बागायतदार. त्यांच्या मळ्यातली विहीर तात्यांनीच पाडलेली, तेव्हाच मुलगा बघून ठेवलेला. लग्न आमच्या वस्तीवर. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळातून मांडवाकडं निघाली. पुढं बँड, त्याच्यापुढं सुतळी बॉम्ब. मी मांडवाच्या दारात आरतीचं ताट घेऊन उभी. तात्यांचे ओठ हलताना मला लांबून दिसत होते, आणि मी ओळखलं, हा माणूस मोजतोय.

पेटीत बारा असतात हे त्यांना ठाऊक. वाजले अकरा.

झालं. तात्यांनी डोक्याचा नवा कोरा फेटा सोडला आणि रस्त्यात आडवे उभे राहिले. "हटाऽऽ! कुणी फुडं यायचं न्हाय! एक राहिलाय!"

बँड थांबला. व्याही पुढं आले. "अहो पाव्हणं, फटाका हाय त्यो. सुरुंग न्हाय."

"कायबी असंल. मोजून अकरा झालं."

"मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या. माणसाचा पाय टळला पायजे."

मी जाऊन फेटा ओढला, आमच्या मालकांनी हात धरला. उपयोग नाही. नवरदेव घोड्यावर घामाघूम, घोडा वैतागलेला, करवल्या उन्हात. मांडवात भटजी घड्याळ बघून बघून शेवटी खालीच बसले. मुहूर्त टळला. आणि तो बारावा? तो मिरवणुकीत नव्हताच. वऱ्हाड शिवेवर आलं तेव्हाच एका मामांनी हौसेनं तो उडवला होता. मामांना हे आठवलं अर्ध्या तासानं. तात्यांचा डावा कान शिवेकडं होता, त्यांना काय ऐकू येणार?

लग्न लागलं, पण ओढूनताणून. जेवताना पंगतीत बायका बोलायच्या ते बोलल्या. "सुरुंगवाल्याची पोर करून घेतली, आता जपून पाय टाका गं." कौशी हळदीच्या अंगानं सगळं ऐकत होती.

लेक सासरी निघताना रडते, बापाच्या गळ्यात पडते. कौशी रडली नाही. बापाच्या पाया पडली, एक शब्द बोलली नाही, तोंड वर करून बघितलं नाही, टेम्पोत जाऊन बसली. धुरळा खाली बसला तरी तात्या रस्त्यात उभे. बोट वर.

"वैनी," म्हणाले, "एक राहिला."

मला तेव्हा इतका राग आला होता त्यांचा! म्हटलं, "तात्या, मरू द्या तो बारावा."

"त्यो न्हाय वो. पोरगी बोलली न्हाय. ती बोलाय पायजे व्हती."

त्यानंतर कौशी आलीच नाही. पहिली नागपंचमी गेली. दिवाळी गेली. दुसरी पंचमी गेली. दर पंचमीला मी ज्वारीच्या लाह्या भाजते, वस्तीवरच्या सगळ्या माहेरवाशिणी माझ्या चुलीभोवती गोळा होतात. तात्याही येऊन बसायचे. पाटीतल्या लाह्यांतून न फुटलेले दाणे एकेक वेचून वेगळे ठेवायचे. पोरी हसायच्या, "तात्या, टाका ते कोंबड्यांना." तात्या म्हणायचे, "असू द्या. येळ लागतो एकेकाला."

मी किती वेळा म्हटलं असेल, "तात्या, एसटीत बसा आणि जा की लेकीला आणायला. बाप आहात."

"राहिलेल्या बारापाशी जात न्हाईत, वैनी."

"अहो, ती माणूस आहे. भोक आहे का खडकातलं?"

तात्या पंचा झटकून उठायचे. असल्या माणसापुढं डोकं किती आपटायचं? मलाही वय झालंय. गुडघे बोलतात, सून बोलते, वर हे तात्या बोलत नाहीत. दुसरी पंचमी अशी गेली तेव्हा मी त्या पाटीकडं बघत बसले होते, आणि एकदम वाटलं, याला याच्याच भाषेत सांगावं.

"तात्या, राहिलेला बार उकरायचा नाही, खरं ना?"

"न्हाय."

"मग काय करायचं?"

"एक हात सोडून दुसरं भोक घ्यायचं."

"मग घ्या की! कोणी अडवलंय? लग्नाचं काढू नका. दुसरं काहीतरी लिहू तिला."

तात्या बराच वेळ दाणे हातात घोळवत राहिले. मग म्हणाले, "कारड हाय का?"

पोस्टकार्ड लिहायला मी बसले. वाटलं, बापाचं काळीज आहे, आता काहीतरी सांगेल. तात्यांनी सांगितलं, "लिवा. इकडील समदं ठीक. तुमच्या हिरीला पाणी किती परस हाय ते कळव."

"बस?"

"बस."

परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप. लेकीला दीड वर्षानं पत्र, आणि विचारायचं काय, तर विहिरीत किती माणसं बुडतील! मी कपाळावर हात मारला आणि कार्ड टाकलं.

महिन्यानं उत्तर आलं. 'दोन परस.' खाली नाव नाही, काही नाही. तात्यांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. आता दोन शब्द चार वेळा वाचायचे म्हणजे! पण पाचव्यांदा वाचलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं.

मग दुसरं कार्ड. "दक्षिणेच्या अंगाचा खडक ढासळला का?" उत्तर, 'नाही.' मग तिसरं, चौथं. पाऊसपाणी नाही, तब्येत नाही, सगळा पत्रव्यवहार विहिरीचा. पोस्टमन मला म्हणाला, "आजी, तुम्ही विहीर विकत घेताय का?"

उन्हाळा संपता संपता तात्यांनी एक कार्ड सांगितलं. "लिवा. उगवतीच्या कपारीत पिपळाचं रोप आलंय, त्ये काढून टाक. मुळ्या धरल्या तर बांधकाम फुटंल."

मी लिहिता लिहिता थांबले. विहीर पाडून सहा वर्षं झाली. बांधकाम नंतरचं. हा माणूस लग्नानंतर तिकडं गेला नाही. मग पिंपळाचं रोप याला कुणी सांगितलं?

"तात्या, माझ्याकडं बघा."

तात्या पंच्याची गाठ सोडायला लागले.

"तुम्ही गेला होता."

"पंचमीच्या आदल्या दिशी," ते म्हणाले. "दोनीबी वरसं. लेकीला आणाय म्हणून निघालो. एसटीनं उतरलो. मळ्यापतूर गेलो. हिरीवर बसलो. घर दिसतंय तितनं. धूर दिसतो चुलीचा."

"मग?"

"मग काय. दिवस कलला. आलो परत."

दोन वर्षं मी या माणसाला दगड म्हणत होते. कार्डावर तेवढंच लिहिलं, जेवढं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही, घालावासा खूप वाटला तरी.

त्याचं उत्तर लवकर आलं. या वेळी तीन ओळी होत्या. 'रोप काढलं नाही. तुमी दोनदा येऊन बसलेलं मी बघितलंय. पंचमीला येते.'

तात्यांनी एकदाच वाचून घेतलं. मग कार्ड घेऊन उठले, घरी गेले आणि अंगण झाडायला लागले. तिन्हीसांजेला अंगण कोण झाडतं? पण मी हाक मारली नाही.

पंचमीला दुपारी मी लाह्यांची कढई चढवली होती. बारामतीकडनं येणारी सहा आसनी रिक्षा फाट्यावर थांबली आणि कौशी उतरली. कडेवर लेकरू, ते झाल्याचंही आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. मी उठायच्या आत ती तात्यांच्या अंगणात. तात्या ओसरीवर. मी मागोमाग पोचले, तर लेकरू तिनं माझ्याकडं दिलं, पदर खोचला, आणि काय सांगू तुम्हाला!

"आबा, लाज वाटत हुती मला! समद्या वऱ्हाडाम्होरं फेटा सोडून उभं ऱ्हायला! सासू अजून मला नावानं हाक मारत न्हाय, सुरुंग म्हनती! सुरुंग, भांडी घास! सुरुंग, पाणी आण! एका फटाकड्यापायी माजा मुहूर्त घालवला तुमी!"

डाव्या कानाला ऐकू येत नाही म्हणून की काय, ती अशी ओरडत होती की वस्तीवरची दारं उघडली. तात्या मान खाली घालून बसलेले. बोट वर.

"आनि बोट काय वर करताय? वरसाला हिरीवर येऊन बसता, घरात येत न्हाय? मी दारात उभी ऱ्हायची दिवसभर. म्हनायची, आता उठतील, आता येतील. भाकरी करून ठिवायची. तुमी उठायचं आनि एसटीकडं जायचं! परक्याची हाय का मी?"

ती दम खायला थांबली. मी म्हटलं, चला, झालं. पण तात्यांचं बोट वरच.

"आता काय राहिलंय?" कौशी ओरडली. "बोला की! काय राहिलंय आता?"

तात्या वाट बघत राहिले. मला ती चहाची दुपार आठवली, आणि पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरून थांबत नाही. समोरच्याचं सगळं बाहेर येऊ द्यायला थांबतो.

कौशीचा आवाज एकदम खाली आला. "आई असती," ती म्हणाली, "तर तिनं तुमचा हात धरून तुमाला बाजूला घेतलं असतं. तुमी तिचंच ऐकत हुता." आणि ती तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. लग्नात न रडलेलं, आई गेली तेव्हाचं उरलेलं, सगळं.

तात्यांनी बोट खाली घेतलं.

वस्तीतली एक बाई तिच्याकडं जायला निघाली, तर तात्यांनी हात आडवा केला. "थांबा. पयला मी उतरतो." ते ओसरीवरून खाली आले, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत पायरीवर तिच्याशेजारी बसले, आणि उजवा कान तिच्याकडं करून म्हणाले, "चुकलं माजं, कौसे. मोजताना चुकलं."

तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. माझ्या लाह्या सगळ्या करपल्या. सून बोलली. बोलू दे. त्या संध्याकाळी तात्यांना शिंक आली, त्यांनी पंचा फिरवला, आणि कौशीचं लेकरू खदखदा हसलं. चौथी शिंक आली, त्या दिवशी पहिल्यांदा. तात्या बावरून माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "असू द्या तात्या. एखादा जास्त झाला तर चालतो."

तर असं आहे. पेपर राहू दे इथंच, मला उद्या वाचून दाखवायचाच आहे. तुम्ही मात्र आता महिनोन्‌महिने लावू नका, लवकर या. बारामतीहून गाडी थेट फाट्यापर्यंत येते. आणि इतके दिवस आला नाहीत, त्याअर्थी माझ्यावर कसला राग असेलही मनात. असला तर तो घरी ठेवून येऊ नका, सोबत घेऊनच या. ओसरीवर बसा आणि मोठ्यानं बोला. मी पुरतं ऐकून घेईन. चहा मग करू.